वंडर वुमनचे नवे अवतार आणि जुने वाचक

कथेतील नायिका कोणाची? जन्म देणाऱ्या लेखकाची, तिच्यावर पैसा लावणाऱ्या प्रकाशकाची, की तिला मनात बाळगणाऱ्या वाचकाची? आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांच्या प्रयोगांवरून हा वाद अधूनमधून उठतो आणि दोन-चार पत्रांनंतर शमतो. अमेरिकेत मात्र तो एका चित्रकथेतल्या बाईवरून गेली ८० वर्षे चालू आहे. त्या बाईचे नाव वंडर वुमन. चित्रकथा म्हणजे पोरांचा खेळ, असे समजून ज्येष्ठ वाचकांनी पान उलटू नये. आपल्या घरांतूनही ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मराठी बोलत येऊन गेला आहे, आणि त्याचा अंक आधी कोणी वाचायचा यावरून झालेली भांडणे पुष्कळांना आठवत असतील. शिवाय या वादात जो प्रश्न आहे तो संगीताच्या शिक्षकाला रोज भेडसावणारा आहे. परंपरेतले काय बदलावे, काय बदलू नये, आणि बदल झाल्यावर ऐकणाऱ्याने बोलावे की गप्प बसावे?

वंडर वुमन प्रथम छापली गेली १९४१ च्या अखेरीस. तिचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबातील फरकावरून माणूस खोटे बोलतो की काय हे ताडण्याची चाचणी त्याने काढली होती. त्याच्या नायिकेच्या सोनेरी पाशात सापडलेल्याला सत्य बोलावेच लागते, याचे आश्चर्य वाटायला नको. चित्रे होती एच. जी. पीटर यांची. कथा थोडक्यात अशी : पुरुषांचा वारा नसलेल्या एका बेटावर अ‍ॅमेझॉन नावाच्या शूर स्त्रियांचे राज्य आहे. राणी हिपॉलिटा मातीची एक मुलगी घडवते आणि देवतांच्या कृपेने त्या मातीत प्राण येतो. तीच डायना. तिला बाप नाही. पार्वतीने अंगच्या मळापासून गणपती घडवला, ही कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही. पुढे स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा अमेरिकन वैमानिक त्या बेटावर कोसळतो, आणि त्याला परत पोचवण्यासाठी डायना बाहेरच्या जगात येते. तिचे बळ आईकडून आणि आपल्यासारख्याच बायकांकडून आलेले आहे, एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचे सगळे भांडण तिच्याभोवतीच फिरते.

वाचकांना विचारून निर्णय घेण्याची चाल या नायिकेच्या बाबतीत अगदी आरंभापासूनची आहे. त्या काळी ‘जस्टिस सोसायटी’ नावाचे पराक्रमी पुरुषांचे एक मंडळ चित्रकथांतून गाजत होते. बाई असूनही वंडर वुमनला त्याचे सभासदत्व द्यावे काय, असा प्रश्न १९४२ मध्ये प्रकाशकांनी वाचकांना छापील प्रश्नपत्रिकेतून विचारला. पहिल्या १,८०१ उत्तरांत १,२६५ मुलगे आणि ३३३ मुली ‘द्यावे’ म्हणाल्या. ‘देऊ नये’ म्हणणारे १९७ मुलगे, आणि मुली फक्त ६. कौल इतका स्पष्ट पडल्यावर तिला मंडळात घेतले खरे, पण कामगिरी कोणती दिली? चिटणिसाची! पुरुष लढाईला निघाले की बाईने कचेरीत बसून पत्रे सांभाळायची. वाचकाने दार उघडून द्यावे आणि आतल्या कारभाऱ्याने पाहुणीला ओसरीवरच बसवावे, असा हा प्रकार झाला.

मार्स्टन १९४७ मध्ये वारला. त्याच्यामागे पुष्कळ वर्षे रॉबर्ट कॅनिगर यांनी कथा लिहिल्या. साठीचे दशक संपत आले तेव्हा खप घसरला होता आणि काही तरी नवे करणे प्राप्त होते. १९६८ मध्ये लेखक डेनी ओनील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांच्याकडे काम आले, आणि त्यांनी नायिकेचा साराच कायापालट केला. अंक १७९ मध्ये अ‍ॅमेझॉन स्त्रिया आपले बेट घेऊन दुसऱ्या लोकी निघून जातात. संकटात सापडलेल्या स्टीव्हसाठी डायना मागे राहते, आणि त्याची किंमत म्हणून आपली सर्व दिव्य शक्ती, पाश आणि वेष परत करते. पुढच्याच अंकात तो स्टीव्ह मारला जातो! मग आय चिंग नावाचा एक आंधळा वृद्ध तिला कराटेसारख्या विद्या शिकवतो. ती कपड्यांचे दुकान काढते, पांढरा तंग पोशाख घालून गुन्हेगारांच्या पाठी लागते. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील एमा पील तेव्हा लोकप्रिय होती. तिची छाया या नव्या डायनावर उघड दिसते.

ओनील यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. देवांनी दिलेल्या बळावर न जगता स्वतःच्या कष्टाने उभी राहणारी आधुनिक स्त्री आपण रंगवीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुष्कळ वाचकांना हा अवतार आवडलाही. सेकोव्स्कींच्या रेषेत वेग होता, कपड्यांत नवलाई होती, कथा जगभर हिंडत होत्या. आजही त्या पर्वाचे चाहते आहेत. २००८ मध्ये प्रकाशकांनी त्या अंकांचे संग्रह पुस्तकरूपाने पुन्हा काढण्यास आरंभ केला तो काही उगीच नाही.

परंतु एक वर्ग दुखावला होता. चाळीसच्या दशकात ज्या मुलींनी वंडर वुमन उशाशी घेऊन वाचली होती, त्या आता प्रौढ झाल्या होत्या आणि त्यांतल्या काही स्त्रियांच्या चळवळीत पुढे होत्या. ग्लोरिया स्टाइनेम ही त्यांपैकीच एक. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘मिझ’ हे मासिक काढले, तेव्हा जुलै १९७२ च्या मुखपृष्ठावर त्यांनी कोणाला बसवले? जुन्या वेषातल्या, शहरावरून झेपावणाऱ्या भव्य वंडर वुमनला. आणि वर घोषणा केली की हिला राष्ट्राध्यक्ष करा. त्याच वर्षी चाळीसच्या दशकातील कथांचा एक देखणा संग्रह स्टाइनेम यांच्या प्रस्तावनेसह निघाला. ज्या बाईकडे आपण शक्तीचे प्रतीक म्हणून पाहिले, तिची शक्ती काढून घेणे आणि त्यालाच सुधारणा म्हणणे, हे त्यांना पटणारे नव्हते. १९७३ च्या आरंभी, अंक २०४ मध्ये, डायनाला तिचा वेष, पाश आणि बळ परत मिळाले. आंधळा गुरू त्याच अंकात एका माथेफिरूच्या गोळीला बळी पडला.

आता गाण्याच्या भाषेत बोलतो, कारण मला तीच नीट येते. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच : सा, रे, ग, प, ध. पण भूपात वजन गांधारावर आहे आणि देशकारात धैवतावर. एकही स्वर न बदलता केवळ मुक्कामाची जागा हलवली की राग बदलतो. १९६८ ची डायना ही अशी होती. नाव तेच, चेहरा तोच, धैर्य तेच. पण तिचे बळ आईकडून येण्याऐवजी एका पुरुष गुरूकडून आले आणि तेही प्रियकरासाठी सर्वस्व सोडल्यानंतर. लेखकाला वाटले आपण भूपच नव्या ढंगाने गातो आहोत. जुन्या श्रोत्याच्या कानावर मात्र देशकार पडला. माझे वडील दरबारच्या नोकरीतल्या शेवटच्या पिढीतले गवई. ते म्हणत, “समोरच्याला रागाचे नाव सांगता येणार नाही, पण कुठे दुखले ते त्याला बरोबर कळते. त्याचा चेहरा बघून गावे.” चाहत्यांच्या पत्रांचे महत्त्व याहून नेमके कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

येथवर गोष्ट वाचकांच्या विजयाची आहे, आणि बहुतेक लेखांत ती येथेच थांबते. पण तिला दुसरी बाजू आहे. १९७२ च्या अखेरीस ही कथा सॅम्युएल डिलेनी या नाणावलेल्या विज्ञानकथाकाराच्या हाती आली होती. साध्या, शक्तिहीन डायनालाच घेऊन त्यांनी सहा भागांची कथा योजली. पहिल्या भागात, अंक २०३ मध्ये, एक दुकानदार बायकांना कमी मजुरी देतो. डायना त्याच्याविरुद्ध उभी राहते, दुकान बंद पडते, आणि नोकऱ्या गेलेल्या बायका संतापून तिच्याकडेच येतात. चांगले करायला गेले आणि गरिबाचीच भाकर गेली, एवढा अवघड प्रश्न त्या पानांवर तोवर क्वचितच आला असेल. अखेरच्या भागात स्त्री-शल्यवैद्यांनी चालवलेल्या गर्भपात-केंद्राचे गुंडांपासून रक्षण ती करणार होती. त्यांतला हा एकच भाग निघाला. जुना वेष परत आणण्याचे ठरले आणि उरलेले पाच भाग लिहिले जायचे राहिले. तक्रार करणाऱ्यांनी चालू कथा वाचलीच नव्हती, असे डिलेनी यांनी पुढे सांगितले आहे. शक्तीचे चिन्ह परत मिळवण्याच्या भरात खऱ्या बायकांच्या मजुरीची गोष्ट मागे पडली. शिवाय ज्या कंपनीच्या मालकीची वंडर वुमन होती, त्या वॉर्नर उद्योगसमूहाचेच भांडवल ‘मिझ’मध्येही आले होते. तेव्हा रसिकांचा शब्द चालला की मालकाची सोय झाली, याचाही विचार शहाण्याने करावा.

पुढचा मोठा पालट १९८७ मधला. आधीच्या वर्षी जुनी मालिका अंक ३२९ वर बंद करून प्रकाशकांनी सारी मांडणी नव्याने केली. जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने, पुढे लेखणीही स्वतःच्या हाती घेऊन, सुमारे पाच वर्षे ही कथा सांभाळली. संपादक होत्या कॅरन बर्गर. बदल काय थोडे केले? डायनाचे गुप्त नाव काढून टाकले. बाहेरच्या जगात येताना तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बॉस्टनमधल्या एका विदुषीच्या घरी राहून ती भाषा शिकली. स्टीव्ह वयाने मोठा दाखवला आणि त्याचे लग्न दुसरीशीच लावून दिले. पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांचे आत्मे म्हणजे या अ‍ॅमेझॉन, अशी बेटाची उत्पत्तीही नवी सांगितली. एवढी उलथापालथ होऊनही वाचकांनी हा अवतार डोक्यावर घेतला, आणि आजही जुने चाहते मोजमाप काढतात ते पेरेझच्या फूटपट्टीने. कारण उघड आहे. ताना नव्या होत्या, लय नवी होती, पण मुक्काम गांधारावरच होता. उलट ग्रीक पुराणांच्या अभ्यासाने तो स्वर अधिक भरून लागला.

२००९ मधली एक हकीकत मला फार आवडते. मध्यंतरी मालिका दोनदा पुन्हा अंक १ पासून सुरू केली गेली होती. पहिली ३२९ अंकांची, दुसरी २२६ अंकांची, आणि तिसरीचे ४४ अंक होऊ घातलेले, बेरीज ५९९. तेव्हा पुढचा अंक ४५ न म्हणता ६०० म्हणा, असा चाहत्यांनी आग्रह धरला. संपादकांनी विनोदाने म्हणा वा परीक्षा पाहण्यासाठी म्हणा, अट घातली : ३१ ऑक्टोबरपर्यंत ६०० पोस्टकार्डे आली तर आकडा बदलू. आली ७१२. ईमेलच्या काळात माणसे टपालाच्या पेटीपर्यंत चालत गेली, ती एका आकड्यासाठी! मागे उभी असलेली सलगता कोणी तरी मान्य करावी एवढीच त्यांची मागणी होती. घराण्याची नावे घेताना कानाची पाळी धरणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना समजावून सांगायला नको.

आणि २०१० मध्ये तो अंक ६०० निघाला तेव्हा त्यात काय होते? नवे लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांची नवी घडी आणि जिम ली यांनी आखलेला नवा वेष : गडद विजार आणि वर जाकीट. वर्तमानपत्रांतून नि दूरचित्रवाणीवर त्या विजारीवरून रणे माजली. अखेर बाईला अंगभर कपडे मिळाले, म्हणून कोणी आनंदले; तिची ओळख पुसली, म्हणून कोणी हळहळले. स्टाइनेम यांनीही नापसंती दर्शवली. पण माझ्या मते गलका झाला तो चुकीच्या जागी. त्या कथेत बेट उद्ध्वस्त झाले होते, आई गेली होती आणि डायना आपला भूतकाळ विसरून शहरात परक्यांच्या आसऱ्याने वाढली होती. गवयाने वादी स्वर सोडला आणि श्रोते त्याच्या अंगरख्यावर बोलत बसले, तसे झाले. स्ट्रॅझिन्स्की यांनी मध्येच काम सोडले, फिल हेस्टर यांनी ते पुरे केले, आणि वर्षभरात सारे पुसून पुन्हा अंक १ आला.

हा २०११ चा अवतार ब्रायन अझरेलो आणि चित्रकार क्लिफ चियांग यांचा. कला म्हणून तो उत्तम होता. समीक्षकांनी आणि अनेक वाचकांनी मनापासून दाद दिली. पण त्यांनी मातीची कथा खोटी ठरवली. डायना झ्यूस देवाची मुलगी निघाली. म्हणजे बाप आला. २०१२ मधल्या एका अंकात तर अ‍ॅमेझॉन स्त्रिया खलाशांना भुलवतात, मग मारतात, आणि झालेले मुलगे शस्त्रांच्या मोबदल्यात हिफेस्टस या देवाला देऊन टाकतात, असे दाखवले. जुन्या चाहत्यांना, विशेषतः बायकांना, याचा जो राग आला तो आजही निवला नाही. मला तो राग रास्त वाटतो. विहिरीचे पाणी तुम्ही गाळून घ्या, रहाट बदला. पण ज्या झऱ्यावर विहीर भरते तोच नासलेला होता असे सांगितले, तर इतकी वर्षे ते पाणी प्यालेल्यांनी काय करावे? २०१६ मध्ये ग्रेग रुका यांनी कथा पुन्हा हाती घेतली तेव्हा डायनाच्याच तोंडून वदवले की घरी परतल्याच्या आपल्या आठवणी खोट्या होत्या, कोणी तरी आपल्याला फसवले होते. चाहत्यांच्या मनातली गोष्टच जणू नायिका बोलली.

एवढे वाचून कोणी म्हणेल की बेट आणि आई यांना हात लावला की कथा फसते, हा नियम झाला. मीही तसेच समजत होतो. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीने तो समज घालवला. २०२४ च्या ऑक्टोबरात ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’ ही वेगळी मालिका निघाली. लेखिका केली थॉम्प्सन आणि चित्रकार हेडन शर्मन. तिचा अंक त्या मुलीने मला आणून दाखवला. “सर, यात बेट नाही, आई नाही, तरी ही तीच आहे,” ती म्हणाली. खरोखरच यात तान्ह्या डायनाला बेटावरून उचलून नरकात, सर्सी नावाच्या चेटकिणीच्या पदरात टाकलेले आहे. अ‍ॅमेझॉन हा शब्ददेखील तिच्यासमोर उच्चारायला बंदी आहे. आजवरच्या हिशेबाने वाचकांनी या मालिकेचे वाभाडे काढायला हवे होते. पण त्यांनी तिचे मोठ्या प्रेमाने स्वागत केले. का? कारण ती चेटकीण त्या पोरीला वाढवता वाढवता आई होते, आणि ती पोर नरकात वाढूनही दयाळू निघते; स्टीव्हला तेथून बाहेर पाठवण्यासाठी आपला एक हात देऊन टाकते. १९६८ मध्ये तिने स्टीव्हसाठी शक्ती सोडली तेव्हा ती कमी झाली. येथे हात देऊन ती उणी होत नाही. वादी स्वर बेट नव्हता, मातीही नव्हती. बाईने बाईला दिलेली माया आणि त्या मायेतून आलेले बळ हा तो स्वर. वरची साधने सगळी काढून घेतली तेव्हाच तो स्पष्ट ऐकू आला.

आपल्यासारख्या, मुलुखापासून दूर येऊन चार-पाच पिढ्या स्थिरावलेल्या लोकांना हे विशेष विचारात घेण्याजोगे आहे. घरापासून लांब राहणारा माणूस घरून आणलेल्या वस्तूंविषयी अधिक हळवा असतो. पद आजोबांनी गायले त्याच जागा घेऊन गायले पाहिजे, पेटीऐवजी दुसरे वाद्य आले की कार्यक्रम बिघडला, असे आपण चटकन म्हणतो. म्हणावे, न बोलणारा श्रोता गवयाच्या काहीच उपयोगाचा नाही. १९४२ मधल्या त्या ३३३ मुलींनी, १९७२ मधल्या त्या स्त्रियांनी आणि ७१२ पोस्टकार्डे धाडणाऱ्यांनी तोंड उघडले नसते, तर ही नायिका केव्हाच फडताळात गेली असती. मात्र तक्रारीचे पत्र लिहायला बसण्यापूर्वी एवढे पाहावे, की आपल्याला दुखले आहे ते स्वरामुळे की अंगरख्यामुळे. स्वराचे दुखणे असेल तर हजार पत्रे लिहावीत. अंगरख्याचे असेल तर कार्यक्रम संपेपर्यंत थांबावे. डिलेनी यांचे ते न लिहिले गेलेले पाच भाग आता कोणालाच वाचता येणार नाहीत.